घरी बनवलेला पॉवर अँप्लिफायर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी अँप्लिफायर बांधणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. निम्मे जण विचारतात, "कोणती आयसी चांगली?" उरलेले निम्मे विचारतात, "गुणगुण येते, काय करू?" पहिल्याचं उत्तर चार ओळींत आटपतं, दुसऱ्याला पान पुरत नाही. बहुतेकांचा वेळ मात्र पहिल्यावरच खर्च होतो. खालची उत्तरं त्या हिशोबाने लांब-आखूड आहेत. तुम्हाला सोल्डरिंग येतं, हाताशी मल्टिमीटर आहे आणि मेन्सची पिन काढल्याशिवाय तुम्ही डब्यात हात घालत नाही, एवढं गृहीत धरलं आहे.

१. पहिल्यांदाच बनवतोय. कोणत्या आयसीपासून सुरुवात करू?

एलएम१८७५ किंवा एलएम३८८६. पहिलीला पाचच पिना आहेत, सभोवती मोजके सुटे भाग लागतात, आणि वीस-पंचवीस वॅट ती आरामात देते. दुसरी जास्त ताकदीची, तिची आतली संरक्षणव्यवस्थाही चांगली. टीडीए७२९४ वाईट नाही, पण तिच्या स्टँडबाय आणि म्यूट पिनांना नीट हाताळावं लागतं. नवख्याची पहिली संध्याकाळ त्यातच जाते. या सगळ्या आयसींच्या बनावट प्रती फिरत असतात, म्हणून खात्रीच्या ठिकाणाहून घ्या.

२. आयसी की सुट्या ट्रान्झिस्टरांचं सर्किट? आवाज कोणाचा चांगला?

नीट बांधलेल्या दोन्हींत डोळे मिटून फरक ओळखणं अवघड आहे. वाईट बांधलेल्या दोन्हींतला फरक मात्र शेजाऱ्यालाही कळतो. ट्रान्झिस्टरांचं सर्किट शिकण्यासाठी बांधा, त्यात मजा आहे. पण आधी आयसीवर हात बसू द्या. ट्रान्झिस्टरांकडे वळलात की प्रश्न १२ वाचल्याशिवाय प्रीसेटला (स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या बदलत्या रेझिस्टरला) हात लावू नका.

३. ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा घ्यायचा?

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेला आकडा एसीचा असतो. त्याला १.४१४ ने गुणायचं आणि डायोडचा साधारण एक व्होल्ट वजा करायचा. १८-०-१८ चा घेतला तर साधारण ±२४.५ व्होल्ट मिळतात, २४-०-२४ चा घेतला तर ±३३ च्या आसपास. हे झालं पूर्ण भारावरचं. रिकामा असताना ट्रान्सफॉर्मर सहज पाच-दहा टक्के जास्त देतो, आणि त्यात मेन्स चढलेला असला तर आणखी भर. आयसीची कमाल मर्यादा या चढत्या आकड्याशी ताडून पाहायची असते. एलएम१८७५ ची मर्यादा दोन्ही रेल (पुरवठ्याच्या धन आणि ऋण तारा) मिळून ६० व्होल्ट आहे. तिला १५-०-१५ निर्धोक, १८-०-१८ काठावर. एलएम३८८६ ला १८-०-१८ दिला तर ४ आणि ८ ओहम दोन्ही स्पीकर चालतात. २४-०-२४ द्यायचा असेल तर फक्त ८ ओहम.

व्हीएची (ट्रान्सफॉर्मरच्या ताकदीच्या आकड्याची) चिंता फार करू नका. संगीत म्हणजे सतत वाजणारा भोंगा नव्हे. तीस वॅटच्या दोन चॅनेलना १२० व्हीए पुरेसे होतात.

४. किती वॅट मिळतील ते आधीच कसं काढायचं? आणि ३० वॅट पुरतात का?

रेलच्या व्होल्टमधून आयसी स्वतःसाठी साधारण तीनेक व्होल्ट राखून ठेवते. ±२५ मधले ३ गेले, उरले २२. याचा वर्ग करा, स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागा: ४८४ भागिले १६, म्हणजे ३० वॅट. चार ओहमवर हाच हिशोब ६० दाखवतो, पण प्रत्यक्षात रेल खाली बसतात आणि आकडा त्याहून कमी भरतो.

पुरतात का? घरात बसून ऐकायला बहुतेकांना पुरून उरतात. तीसचे साठ केलेत तर वाढतात फक्त ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतके. दुप्पट मोठा वाटावा असा आवाज हवा तर दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा संवेदनशील स्पीकर घेतलेला बरा.

५. फिल्टर कॅपॅसिटर जितका मोठा तितका चांगला ना?

एका मर्यादेपर्यंत. ५० हर्ट्‌झच्या मेन्सवर ब्रिजमधून (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडांमधून) दर सेकंदाला शंभर वेळा भरणा होतो, म्हणजे दोन भरण्यांमध्ये १० मिलिसेकंद. दोन अँपिअर ओढत असाल आणि कॅपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरडचा असेल, तर तेवढ्या वेळात रेल जास्तीत जास्त २ व्होल्ट खाली येते. ठीक आहे. कॅपॅसिटर चौपट केला तर अर्धा व्होल्ट; पण आयसी असे चढउतार एरवीही बऱ्यापैकी दाबून टाकते, त्यामुळे कानाला लाभ नगण्य. तोटा मात्र ठळक: भरण्याचे झटके अधिक टोकदार होतात, आणि प्रश्न ८ मधली गुणगुण त्याच झटक्यांमधून जन्मते.

प्रत्येक कॅपॅसिटरवर २.२ किलोओहम, दोन वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून टाका. बंद केल्यावर मिनिट-दीड मिनिटात साठा ओसरतो. १०,००० चे दोन कॅपॅसिटर ३५ व्होल्टला भरले की १२ ज्यूल होतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक वितळवायला तेवढे बास.

६. सगळं जोडून झालंय, पण चालू करायची भीती वाटते. काय करू?

भीती योग्यच आहे. सिरीज दिवा वापरा. मेन्सच्या फेज तारेत ६० किंवा १०० वॅटचा जुन्या तंतूचा बल्ब मालिकेत घ्यायचा. एलईडी किंवा सीएफएल इथे चालत नाही, कारण थंड असताना रोध कमी आणि तापला की जास्त, हा तंतूचाच गुण आपल्याला हवा असतो.

आधी फक्त ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कॅपॅसिटर जोडून पाहा, आयसीची तार तोडलेली ठेवा. बटण दाबलं की बल्ब एकदा लख्ख उजळतो, मग कॅपॅसिटर भरत जातात तसा मंदावत जातो आणि शेवटी तंतूला नुसती लालसर छटा उरते किंवा तीही नाही. हे दिसलं की श्वास सोडा आणि दोन्ही रेल मोजा. धन-ऋण साधारण सारखे हवेत. बल्ब उजळलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे: ब्रिज उलटा, कॅपॅसिटर उलटा, नाहीतर हीटसिंकला टेकलेली पिन.

मग बंद करा, कॅपॅसिटर उतरू द्या, आयसी जोडा आणि स्पीकर न लावता हेच पुन्हा करा. आउटपुटवर डीसी मोजा (प्रश्न ७). सगळं जागेवर असेल तर बल्ब काढा, पुन्हा मोजा आणि मग वाईट वाटणार नाही असा एखादा जुना स्पीकर लावा. बल्ब मध्ये असताना जोरात वाजवून "आवाज फाटतो" अशी तक्रार करू नका; रेल तेव्हा बसलेल्याच असतात.

७. आउटपुटवर थोडा डीसी दिसतो. किती चालतो?

वीस मिलिव्होल्टपर्यंत उत्तम, पन्नासपर्यंत चालेल. ऐंशी-शंभर दिसले तर बहुधा दोन्ही इनपुटांना दिसणारे रोध सारखे नाहीत, किंवा फीडबॅकच्या (आउटपुटचा अंश इनपुटला परत नेणाऱ्या वाटेच्या) खालच्या रेझिस्टरसोबतचा कॅपॅसिटर लावायचा राहिला आहे. तो कॅपॅसिटर डीसीसाठी गेन (सिग्नल किती पट होतो तो आकडा) १ वर आणतो.

काही व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडूच नका. आठ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर सहाच्या आसपास दाखवतो. त्यावर ३० व्होल्टची रेल पडली तर ५ अँपिअर, म्हणजे १५० वॅट उष्णता, तीही न हलणाऱ्या कॉइलमध्ये. आधी वास येतो, मग शांतता. चांगल्या स्पीकरांसमोर डीसी ओळखून तोडणारा रिले हवाच. याला एक अपवाद आहे, तो प्रश्न १७ मध्ये.

८. गुणगुण जात नाही. सगळं करून पाहिलं.

"सगळं" म्हणजे बहुतेक वेळा मोठे कॅपॅसिटर आणि जाड तारा असतात. आधी शोध घ्या, मग भाग बदला.

पहिली चाचणी: इनपुटच्या सॉकेटमध्येच सिग्नल आणि ग्राउंड शॉर्ट करा. गुणगुण गेली तर तुमचा अँप्लिफायर निर्दोष आहे. दोष केबलचा, स्रोताचा किंवा दोघांच्या ग्राउंडमधल्या लूपचा. राहिली तर घरातलाच चोर. दुसरी चाचणी: व्हॉल्यूम फिरवा. गुणगुण कमी-जास्त झाली तर ती व्हॉल्यूमच्या आधी शिरते, न झाली तर नंतर. तिसरी कानाची: ५० हर्ट्‌झची गुणगुण गोल, जड असते. १०० हर्ट्‌झचीला धार असते, "झर्रर्र" अशी. ही धारवाली असेल तर तारांची वाट तपासा.

होतं असं. ब्रिजमधून कॅपॅसिटरकडे जाणारा करंट संथ वाहत नाही, झटक्यांनी जातो. एकेक झटका दहा अँपिअरचाही असू शकतो. दोन्ही कॅपॅसिटर जिथे सेंटर टॅपला (ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या, शून्याच्या टोकाला) मिळतात त्या तारेचा रोध नुसता ५ मिलिओहम धरा. दहा अँपिअरला त्यावर ५० मिलिव्होल्ट पडले. इनपुटचं ग्राउंड चुकून याच तारेवर मध्येच कुठे जोडलं असेल, तर अँप्लिफायर त्याला सिग्नल समजतो आणि इमानदारीने वीस पट करून एक व्होल्ट तुमच्या स्पीकरला देतो. लाख मायक्रोफॅरड लावलेत तरी हे जाणार नाही.

उपाय: सेंटर टॅप आणि दोन्ही कॅपॅसिटर एका बिंदूत मिळवा. त्या बिंदूतून एकच आखूड तार काढून वेगळा तारा-बिंदू (स्टार ग्राउंड) करा. स्पीकरची परतीची तार, आयसीजवळच्या १०० नॅनोफॅरडच्या कॅपॅसिटरांचं ग्राउंड आणि इनपुटचं ग्राउंड, प्रत्येकाची स्वतंत्र तार त्या तारा-बिंदूवर आणा. ट्रान्सफॉर्मरच्या तारा एकमेकींना पीळ देऊन इनपुटपासून लांब न्या.

एवढ्यावरही गोल गुणगुण उरली तर ट्रान्सफॉर्मर फिरवून पाहा. माझ्या दुसऱ्या अँप्लिफायरमध्ये दोन आठवडे तारा उपसून झाल्यावर शेवटी मी टोरॉइडचा (कड्यासारख्या गोल ट्रान्सफॉर्मरचा) मधला बोल्ट सैल केला आणि स्पीकरला कान लावून तो हळूहळू फिरवला. बोटभर फिरल्यावर गुणगुण बुडाली, आणखी फिरवला की परत वर आली. टोरॉइडमधून तारा बाहेर पडतात त्या बाजूला चुंबकीय गळती जास्त असते, आणि ती बाजू माझ्या इनपुट बोर्डाकडे तोंड करून बसली होती.

९. अर्थिंगची तार काढली की गुणगुण थांबते. तशीच ठेवली तर?

नाही. धातूच्या डब्याला अर्थिंग हवंच. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटलं तर तीच तार तुमचा जीव वाचवते. लूप तोडायचा तर डब्याचं अर्थिंग पक्कं ठेवा आणि सर्किटचं ग्राउंड डब्याला १० ओहमच्या रेझिस्टरमार्फत जोडा. त्याला समांतर उलटसुलट दिशेने दणकट डायोड लावा (३५ अँपिअरचा ब्रिज, धन-ऋण टोकं शॉर्ट करून एसीची दोन टोकं वापरली की काम होतं) आणि १०० नॅनोफॅरडही. रोजच्या मिलिव्होल्टना १० ओहम अडवतो, दोषाच्या वेळचा मोठा करंट डायोडमधून निघून जातो. मात्र यासाठी इनपुट सॉकेट डब्यापासून इन्सुलेट केलेले हवेत, नाहीतर सगळी खटपट वाया.

१०. हीटसिंक केवढा लागेल?

सर्वात जास्त उष्णता पूर्ण आवाजाला निघते असं वाटतं, पण तसं नाही. क्लास एबी (वरच्या आयसींसारखा) अँप्लिफायर पूर्ण क्षमतेच्या साधारण ४० टक्क्यांवर सर्वात जास्त तापतो. तो कमाल आकडा असा: रेलच्या एका बाजूच्या व्होल्टचा वर्ग, गुणिले २, भागिले (९.८७ गुणिले स्पीकरचे ओहम). ±२५ आणि ८ ओहमला १६ वॅट, ±३५ ला ३१ वॅट. ४ ओहम लावले की दोन्ही आकडे दुप्पट.

३१ वॅटसाठी दर वॅटला दीड अंश तापणारा हीटसिंक घेतला तर तो खोलीच्या तापमानापेक्षा ४६ अंश वर जाईल. हाताला चटका, आयसीला चालेल. पंख उभे ठेवा. आडवे ठेवले तर हवा अडते.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. एलएम१८७५ आणि साध्या एलएम३८८६ चा धातूचा टॅब ऋण रेलला जोडलेला असतो. अभ्रक किंवा सिलिकॉनची चकती आणि स्क्रूला बुशिंग लावा आणि टॅब-हीटसिंकमध्ये मल्टिमीटर वाजत नाही ना, ते पाहूनच पुढे जा.

११. इनपुट नाही, आवाज नाही, तरी आयसी हात पोळेपर्यंत तापते.

ती ऐकू न येणाऱ्या वारंवारितेवर ऑसिलेट करते आहे, म्हणजे इनपुट नसतानाही आपणच सिग्नल निर्माण करते आहे. मल्टिमीटर याबाबत काहीच सांगणार नाही, ऑसिलोस्कोप लागतो. तो नसेल तर चार ठिकाणं बघा: १०० नॅनोफॅरड थेट पिनांजवळ आहेत का, आउटपुटचा झोबेल (आउटपुट आणि ग्राउंडमध्ये मालिकेत रेझिस्टर-कॅपॅसिटर; एलएम३८८६ ला २.७ ओहम आणि १०० नॅनोफॅरड) लावलाय का, गेन फार कमी केला आहे का (प्रश्न १३), आणि इनपुटची तार आउटपुटच्या तारेला चिकटून जाते का. ब्रेडबोर्डवर बांधलं असेल तर वेगळं कारण शोधायची गरज नाही.

१२. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरमध्ये बायस किती आणि कसा लावायचा?

आउटपुटच्या दोन्ही ट्रान्झिस्टरांना अगदी थोडा करंट सतत वाहता ठेवायचा, हाच बायस. त्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना सिग्नलला खाच पडत नाही. एमिटर रेझिस्टर ०.२२ ओहमचे असतील तर एकावर ११ मिलिव्होल्ट, म्हणजे ५० मिलिअँपिअर, ही चांगली सुरुवात.

चालू करण्याआधी प्रीसेट किमान बायसच्या टोकाला आहे हे मोजून घ्या. मीटर एमिटर रेझिस्टरवर लावून प्रीसेट अगदी केसभर फिरवा. बराच वेळ काही होत नाही, शून्यच दिसतं, आणि मग अचानक २, ५, ९ असा आकडा पळायला लागतो. तिथे हात थांबवा. झाकण लावून वीस मिनिटं तापू द्या आणि पुन्हा लावा. ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट घसरतो. म्हणून तापला की करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतो. ही पळापळ रोखणारा बायस ट्रान्झिस्टर हीटसिंकवरच, आउटपुटवाल्यांना खेटून बसवलेला हवा.

प्रीसेट कुठल्या बाजूला आहे हेही बघा. मी एकदा जुना कार्बन प्रीसेट बायस ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-बेसमध्ये लावला होता. सिरीज दिवा काढून झाला होता, स्क्रूड्रायव्हर टेकवला, आतला संपर्क क्षणभर सुटला. बायस गगनाला भिडला आणि दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर आडवे झाले. फ्यूज उडाला, पण सावकाश, मागाहून. तोच प्रीसेट बेस-एमिटरमध्ये असता तर संपर्क सुटल्यावर बायस शून्याकडे गेला असता आणि फक्त आवाज बिघडला असता. प्रीसेट मल्टिटर्नच घ्या.

बायस वाढवला की आवाज सुधारतच जातो, हा गैरसमज आहे. क्लास एबीमध्ये योग्य बिंदूच्या पुढे विकृती पुन्हा वाढते.

अपवाद: २एसके१०५८ आणि २एसजे१६२ सारख्या लॅटरल मॉसफेटमध्ये साधारण १०० मिलिअँपिअरच्या वर तापमान वाढलं की करंट उलट कमी होतो. त्यांना हीटसिंकवरच्या पहारेकऱ्याची गरज नाही. आयआरएफपी२४० सारख्या नेहमीच्या मॉसफेटला ही सवलत लागू नाही.

१३. व्हॉल्यूम थोडा फिरवला तरी खूप मोठं वाजतं. गेन कमी करता येईल?

येईल, पण तळ आहे. गेन म्हणजे १ अधिक फीडबॅकचे दोन रेझिस्टर एकमेकांनी भागून: २० किलोओहम आणि १ किलोओहम असतील तर २१. एलएम१८७५ आणि एलएम३८८६ दोन्ही दहाच्या खाली स्थिर राहत नाहीत, टीडीए७२९४ ला तर साधारण सोळाच्या वरच ठेवावं लागतं. त्याहून कमी हवं असेल तर इनपुटलाच दोन रेझिस्टरांनी सिग्नल पाडा. आणि व्हॉल्यूम पॉट लॉग प्रकारचा आहे ना ते बघा. लिनियर लावला की सगळा आवाज पहिल्या वीतभर फिरण्यातच येतो.

१४. एलएम३८८६ जोडली, रेल ठीक, डीसी शून्य, पण आवाजच नाही.

आठवी पिन. तिच्यातून ऋण रेलकडे किमान अर्धा मिलिअँपिअर ओढला तरच म्यूट सुटतो. ±२५ ला ३३ किलोओहम लावा. त्याच जागी एक कॅपॅसिटर जोडून उशीर घातला तर चालू करतानाचा "धप्प"ही जातो.

१५. महागडे कॅपॅसिटर किंवा भारी ऑप-अँप (लहान सिग्नल वाढवणाऱ्या आयसी) घातले तर आवाज सुधारेल?

इनपुटला इलेक्ट्रोलिटिकऐवजी फिल्मचा १ मायक्रोफॅरड लावणं चांगलं, त्यासाठी विशेष ब्रँड नको. २२ किलोओहमबरोबर तो ७ हर्ट्‌झपासून खाली कापतो. फीडबॅकमधल्या १ किलोओहमखाली २२ मायक्रोफॅरडही तिथेच कापतो. तो ४७ किंवा १०० केला तर बासच्या पट्ट्यात त्यावर व्होल्टेज पडत नाही आणि विकृतीही घटते. हा बदल मोजून दाखवता येतो. बाकीच्या बदलांबद्दल मी एवढंच विचारतो: फक्त एक चॅनेल बदला, मोनो सिग्नल द्या, आणि कोणता चॅनेल बदललाय ते दुसऱ्याला न सांगता ओळखायला लावा.

ऑप-अँप बदलताना एक धोका खरा आहे. वेगवान ऑप-अँप जुन्या बोर्डावर ऑसिलेट करू शकतो, आणि त्यातून येणारी "चकाकी" काहींना आवडतेसुद्धा.

१६. दोन चॅनेल ब्रिज करून एकच मोठा अँप्लिफायर करता येईल का?

येतो. एका चॅनेलला उलटा सिग्नल द्यायचा आणि स्पीकर दोन आउटपुटांच्या मध्ये जोडायचा. कागदावर चौपट वॅट. पण प्रत्येक चॅनेलला स्पीकरचे निम्मेच ओहम दिसतात: ८ चा स्पीकर ४ वाटतो, ४ चा २. त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर ब्रिजवर लावू नका, आणि हीटसिंक ४ ओहमच्या हिशोबानेच घ्या (प्रश्न १०). स्पीकरचं कोणतंही टोक ग्राउंडला टेकता कामा नये.

१७. क्लास डीच्या तयार बोर्डवर स्पीकरच्या टोकाला १२ व्होल्ट डीसी दिसतो. बोर्ड बिघडला?

नाही. टीपीए३११६ सारख्या आयसीवरचे बोर्ड एकाच रेलवर चालतात आणि आत प्रत्येक चॅनेल ब्रिज केलेला असतो. २४ व्होल्ट दिलेत तर स्पीकरची दोन्ही टोकं ग्राउंडपासून १२ व्होल्टवर उभी असतात. मीटर ग्राउंडला न लावता त्या दोन टोकांमध्येच लावा. तिथे प्रश्न ७ मधलीच मर्यादा लागू. हेच विसरून डाव्या-उजव्या स्पीकरांच्या उणे तारा एकत्र करणाऱ्या सिलेक्टर डब्याला असा बोर्ड जोडला, किंवा ऑसिलोस्कोपचं ग्राउंड एका टोकाला लावलं, की आउटपुट शॉर्ट होतं.